हवेच्या आराखड्यावर सूचना पाठवायचीय, काय लिहू?

प्रश्न: आमच्या पालिकेने हवा सुधारण्याचा आराखडा काढलाय आणि हरकती-सूचना मागवल्यात. त्यात झाडं लावणं, रस्त्यावर पाणी मारणं, चौकात हवा शुद्ध करणारा मोठा टॉवर, आकडे दाखवणारे बोर्ड असं बरंच काही आहे. माझ्या मुलाला दमा आहे. रोज त्याला शाळेत सोडायला जाते तेव्हा गेटसमोर गाड्या इंजिन चालू ठेवूनच उभ्या असतात. मी नेमकं काय लिहू? आणि माझ्या एकटीच्या लिहिण्याने काय होणार?

उत्तर: ताई, नक्की लिहा, आणि आत्ता मला जे गेटसमोरच्या गाड्यांचं सांगितलंत ना, तेच सगळ्यात आधी लिहा. कारण लहान मुलाचं नाक मोठ्यांपेक्षा गाडीच्या सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं आणि वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यामुळे तुम्हाला नुसता वास येतो तिथे त्याला धाप लागते. शाळा भरताना आणि सुटताना तो रस्ता गाड्यांना बंद ठेवा अशी स्पष्ट मागणी करा, बऱ्याच ठिकाणी हे करतात आणि खर्चही फार नसतो.

आता आराखड्याबद्दल. मला विचाराल तर यात एकच गोष्ट तपासायची, की घाण जिथून निघते तिथे काही करणार आहेत का, की हवेत मिसळल्यावर तिच्या मागे धावणार आहेत. टॉवर हे दुसऱ्या प्रकारातलं काम. उघड्या आकाशाखाली हवा सतत वाहत असते, टॉवर आजूबाजूची थोडी हवा गाळेल पण शहराची नाही, ते पैसे दुसरीकडे वापरा असं मी तरी बिनधास्त लिहीन. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुरकं साचून हजारो माणसं गेली, त्यानंतर १९५६ साली कायदा आला आणि त्यात घराघरातल्या कोळशाच्या धुरावरच बंधनं घातली, म्हणजे मुळावरच.

पाणी मारल्याने धूळ तात्पुरती बसते हे खरं, पण वाळल्यावर गाड्यांच्या चाकांनी तीच परत उडते. त्यापेक्षा बांधकामाला हिरवं कापड आहे का, वाळूचा ट्रक ताडपत्री टाकून येतो का, कचरा कोण जाळतं, हे बघायला माणूस नेमलाय का ते विचारा. झाडं हवीतच, पण दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर दाट फांद्यांचं छत झालं तर धूर खालीच अडकतो, तिथे रस्ता आणि फुटपाथच्या मध्ये कुंपणासारखी दाट झुडपं जास्त कामाची.

आणि आकडा मागा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, वर्षाची सरासरी मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केली. हे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, थेट फुप्फुसात खोलवर जातात. आज आपल्याकडे किती आहे, कुठल्या वर्षापर्यंत किती करणार आणि मोजायचं यंत्र कुठे बसवलंय, गर्दीच्या रस्त्यालगत की बागेत, एवढं तरी आराखड्यात लेखी असायलाच हवं. एकटीच्या लिहिण्याचं म्हणाल तर गेटवरच्या अजून दहा आयांच्या सह्या घ्या, त्याही रोज तोच धूर खातायत.

प्रश्न: मी घरी हवेतले कण मोजणारा छोटा सेन्सर घेतलाय, त्याचा आकडा पालिकेच्या बोर्डाशी कधीच जुळत नाही. खोटं कोण बोलतंय?

उत्तर: बहुतेक कोणीच नाही. छोटे सेन्सर प्रकाश टाकून कण मोजतात आणि हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, मग आकडा उगाच चढतो. शिवाय बोर्डावर बऱ्याचदा २४ तासांची सरासरी असते, तुमच्याकडे त्या क्षणाची. म्हणून आकड्यापेक्षा चढउतार बघा. दोन आठवडे वहीत वार आणि वेळ टाकून लिहा, रोज रात्री दहानंतरच एकदम वाढत असेल तर आसपास कुठेतरी कचरा जळत असण्याची दाट शक्यता आहे, सोबत कोणाला तरी घेऊन जाऊन बघा, फोटो काढा आणि वहीच्या त्या पानांची कॉपी सूचनेला जोडून द्या.