एआयच्या जागतिक चर्चांचा सामान्य माणसाला काही उपयोग आहे का?

तुमचा प्रश्न असा: पॅरिसला परिषद झाली, मग दिल्लीला झाली, आता संयुक्त राष्ट्रसंघ एआयच्या नियमनावर 'ग्लोबल डायलॉग' भरवतोय. यातून आपल्या हाताला काही लागतं, की हा नुसता चहा-बिस्किटाचा कार्यक्रम?

उपयोग आहे. ज्याला तो दिसत नाही, त्याला अजून मशीननं 'नाही' म्हटलेलं नाही.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप आहे, वडिलांनी एका लेथवर उभं केलेलं. निम्मं काम साखर कारखान्यांचं. गाळप संपलं की ओव्हरहॉलिंग निघतं: शाफ्ट, बेअरिंग हाऊसिंग, पंपाचे भाग. उन्हाळा-पावसाळा आम्ही मान मोडून काम करतो, कामगारांचे पगार, मटेरियल सगळं खिशातून जातं, आणि बिल निघतं ते पुढचा हंगाम सुरू झाल्यावर. उद्यमनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीन, घ्यायचं ठरवलं आणि दसऱ्याच्या आधी एका वित्तसंस्थेकडे ऑनलाइन अर्ज केला. जीएसटी रिटर्न, खात्याचा उतारा, वर्क ऑर्डर, सगळं जोडलं. सिबिल चांगला, एक हप्ता कधी थकलेला नाही. सांगितलेला चहा यायच्या आत मेसेज आला: अर्ज नामंजूर.

शाखेत गेलो. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, "काका, सिस्टीमनं रिजेक्ट केलंय. कारण आम्हालाही दिसत नाही." वरच्या ऑफिसला लेखी विचारलं, तर 'अंतर्गत निकषांनुसार' एवढंच उत्तर. माझा अंदाज असा की सिस्टीमनं शेवटच्या सहा महिन्यांचा उतारा पाहिला. त्यात पैसे नुसते बाहेर जाताना दिसले. साखर हंगाम नावाची गोष्ट तिला कुणी शिकवलेलीच नसणार. पण हा अंदाजच. खरं कारण मला आजतागायत माहीत नाही, आणि राग त्याचाच आहे.

वडिलांच्या वेळी बँकेचा मॅनेजर शेडमध्ये यायचा. चालू जॉब बघायचा, ऑर्डरची वही मागायचा. तोही नाही म्हणायचा, पण तोंडावर. मग वडील म्हणायचे, "साहेब, कारखान्याचं बिल यायचंय, ही बघा ऑर्डर." कधी पटायचं, कधी नाही. ती वाद घालायची जागाच आता उरलेली नाही.

माझे साडूभाऊ पुण्यात आयटीत आहेत. त्यांचं म्हणणं, नियम आणले की तंत्रज्ञान अडतं, आणि जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या बैठका म्हणजे सरकारी सहली. फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसला अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनीही तोच सूर लावला: अति नियमांनी हा उद्योग मरेल. त्या परिषदेचा भारत सह-अध्यक्ष होता. जाहीरनाम्यावर अमेरिका आणि ब्रिटननं सही केली नाही.

आता हे बघा. युरोपात 2018 पासून डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय सरसकट यंत्रावर सोडता येत नाही, असं त्यातलं कलम 22 सांगतं. जिथे अपवाद म्हणून सोडला जातो, तिथेही माणसानं लक्ष घालावं अशी मागणी करता येते. डिसेंबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयानं जर्मनीतल्या 'शुफा' या पतमापन संस्थेच्या प्रकरणात आणखी पुढचं सांगितलं: बँक जर अशा संस्थेनं काढलेल्या पतीच्या गुणांकावरच प्रामुख्यानं विसंबून असेल, तर गुणांक काढणं हाच यंत्राचा निर्णय धरायचा. ऑगस्ट 2024 मध्ये अमलात आलेल्या युरोपच्या एआय कायद्यानं माणसाची पत ठरवणारी यंत्रणा 'उच्च जोखमी'त टाकली, आणि अशा निर्णयाचं स्पष्टीकरण मागण्याचा हक्क लिहून ठेवला. हे हक्क व्यक्तींना आहेत, कंपन्यांना नाहीत. पण माझ्यासारखा प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा एकटा मालक, व्यक्तीच असतो की.

आपल्याकडे? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात यंत्राच्या निर्णयाविरुद्ध असा हक्क नाही. रिझर्व्ह बँकेनं प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला. त्यात सात सूत्रं आणि 26 शिफारशी आहेत. निर्णय समजावून सांगता आला पाहिजे, ही त्या सूत्रांमधलीच गोष्ट. चांगला अहवाल आहे, पण शिफारस म्हणजे हक्क नव्हे.

आणि जागतिक बैठकांचा संबंध इथे येतो. राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ गटानं सप्टेंबर 2024 मध्ये एआय नियमनाचे सात मोठे आंतरराष्ट्रीय उपक्रम तपासले. सातही उपक्रमांत असलेले देश फक्त सात, सगळे श्रीमंत. एकातही नसलेले 118. म्हणजे यंत्र कुणाच्या सवयीवर बेतायचं हे ठरताना बहुतेक जग खोलीच्या बाहेर. ऑगस्ट 2025 च्या ठरावानं राष्ट्रसंघानं 40 जणांचं वैज्ञानिक पॅनेल आणि सर्व देशांसाठी खुला असलेला हा संवाद उभा केला, एक बैठक जिनिव्हाला जुलै 2026 मध्ये, पुढची 2027 मध्ये न्यूयॉर्कला. तिथे आपल्या बाजूनं कुणीतरी म्हणायला हवं की आमच्याकडे पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो.

साडूभाऊंना मी एम 12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा, बोल्ट दाखवला होता. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.75 मिलिमीटर. इथे शेजारच्या शिरोलीत आटे पाडलेला नट जर्मनीतल्या बोल्टवर बसतो, कारण कधीतरी देशोदेशीची माणसं एकत्र बसली आणि मापं ठरवली. ते काम करणाऱ्या आयएसओचं ऑफिसही जिनिव्हातच आहे. त्या बैठकाही बाहेरून कंटाळवाण्याच दिसल्या असणार. त्यानं कुणाचा धंदा बुडाला? उद्यमनगर त्यावरच निर्यात करतं. ते म्हणाले, "बोल्ट वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं." वेगळं आहेच. बोल्ट माझं कर्ज नाकारत नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. राष्ट्रसंघाचा हा संवाद कुणावर बंधनकारक नाही, आणि लष्करी एआय त्याच्या कक्षेतच नाही. युरोपातही 'उच्च जोखमी'चे नियम ऑगस्ट 2026 पासून लागू व्हायचे होते, ते पुढे ढकलण्याचा प्रस्ताव खुद्द युरोपीय आयोगानंच नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला. आणि जुना मॅनेजर देवमाणूस नव्हता. तिथे वशिला चालायचा, आडनाव बघितलं जायचं. यंत्र आडनाव बघत नसेल तर मला ते हवंच आहे. फक्त बघत नाही हे कुणीतरी तपासून सांगावं.

तुमचाही अर्ज असाच नाकारला गेला असेल, तर आधी वर्षातून एकदा फुकट मिळणारा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढा, त्यात कधी कधी दुसऱ्याचंच कर्ज चिकटलेलं असतं. मग कारण लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. कर्ज द्यायचं की नाही हा धंद्याचा निर्णय लोकपाल बदलत नाही, त्यामुळे तक्रार कारण न सांगितल्याची करा.

साडूभाऊंचा नवा मुद्दा असा की कारण सांगायची सक्ती झाली तर संस्था छोट्यांना कर्जच देणार नाहीत. जर्मनीत यंत्राच्या निर्णयाला आव्हान द्यायचा हक्क 2018 पासून आहे, तिथल्या छोट्या वर्कशॉपना अजून कर्ज मिळतंय. हे उत्तर त्यांनाही पाठवतोय.