वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरे : गरिबीपायी बंदूक?

प्रश्न : गुरुजी, आमच्या पारावर वाद रंगला. एक जण म्हणे, गरिबीपायीच माणूस ओसामा होतो. मी म्हटलं, तसं असतं तर आपल्या यवतमाळात घरोघरी बंदुका निघाल्या असत्या. इथला कास्तकार कर्जापायी मरतो, कोणाला मारत नाही. कोणाचं खरं?
– एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : म्होरक्यांपुरतं तुमचं खरं. ओसामाचा बाप सौदीतला बडा ठेकेदार. त्याचा उजवा हात अयमन अल-जवाहिरी इजिप्तमधल्या कैरोच्या सुखवस्तू वस्तीत वाढलेला, शिक्षणाने सर्जन. पोटाची आग नव्हती, डूख होता. 1990 मध्ये सद्दामने कुवेत गिळलं, तेव्हा ओसामा सौदी राजघराण्याला म्हणाला, माझी माणसं घेऊन मी राखण करतो. त्यांनी अमेरिकेची फौज बोलावली. हे त्याने मनात धरलं. 1996 ला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यात मुख्य तक्रार हीच.

जवाहिरीचं मूळ आणखी मागे आहे. 1966 मध्ये इजिप्तच्या नासर सरकारने सय्यद कुत्ब या कट्टर इस्लामी विचारवंताला फाशी दिली. जवाहिरी तेव्हा पंधरा वर्षांचा, म्हणजे आपल्या दहावीतलं पोट्टं, आणि त्याच वयात त्याने गुप्त गट काढला. त्या वयाचं मला ठाऊक आहे. एकाला मी भर वर्गात कानफटात मारली होती. संध्याकाळी माझ्या सायकलच्या सीटवर ब्लेडच्या चार रेघा. चूक माझी होती.

पण डूख धरणारे सगळेच काही जवाहिरी होत नाहीत. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या हत्येनंतर, 1981 ला, तो तुरुंगात गेला, छळ सोसला आणि जास्तच कडवा होऊन सुटला. त्याच काळात तुरुंगात पडलेल्या गमाआ इस्लामिया या तिथल्याच सशस्त्र संघटनेच्या नेत्यांनी मात्र 1997 मध्ये आतूनच शस्त्र खाली ठेवल्याचं जाहीर केलं. म्हणून छळाने सगळं उलगडतं असंही मी म्हणणार नाही.

तुमच्या मित्राचंही थोडं खरं आहे. जॉर्डनचा झरकावी शाळा सोडलेला, गल्लीतला गुंड. त्याने इराकात उभारलेल्या टोळीतूनच पुढे ‘इसिस’ निघाली, आणि तिने मारले त्यांत मुसलमानच जास्त. ओसामाचंही तेच. 1998 ला नैरोबी आणि दार-ए-सलामला अमेरिकेच्या वकिलातींवर स्फोट केले. 224 माणसं गेली, त्यांत अमेरिकन 12. बाकी बहुतेक तिथलेच, कामावर आलेले, रस्त्याने चाललेले.