म्हापशाचा शुक्रवारचा बाजार

प्रश्न : मे महिन्यात आम्ही गोव्याला जाणार आहोत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भर उन्हाळ्यात पाहण्याजोगा असतो का? तेथून काय आणावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा बाजार उन्हाळ्यातच पाहावा. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजातून आला असून, एप्रिल-मेमध्ये सुकी मासळी, मिठागरांतले जाडे मीठ, सुक्या मिरच्या, चिंच आणि सोलां, म्हणजे आपली आमसुले, यांची घराघरांतली साठवणीची खरेदी येथे डोळ्यांदेखत चाललेली असते. आंब्यांत मानकुरादच घ्यावा. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामाच्या आरंभी त्याचा डझनाचा भाव ऐकून हापूसही स्वस्त वाटू लागतो, मेमध्ये मात्र तो बराच उतरतो. मोयरा गावची जाडजूड केळी दिसली तर सोडू नयेत. मांसाहारी असाल तर माळांसारखी टांगलेली ‘चोरीस’, म्हणजे डुकराच्या मांसाची गोवन सॉसेजही पाहाच, पण ती तिखट आणि आंबट असते, तेव्हा बेताने घ्यावी.

हस्तकलेच्या वस्तूंत मातीची भांडी आणि बांबूच्या टोपल्या घेण्याजोग्या असतात. भांडे टिचकी मारून पाहावे, आवाज बद्द आला तर तडा आहे असे समजावे. कपड्यांच्या दुकानांत वेळ घालवू नये, तसा माल सांगलीतही मिळतो. शक्यतो सकाळी नऊच्या आत पोहोचावे, कारण गावांतून आलेल्या बायकांकडचा ताजा माल लवकर संपतो आणि पुढे ऊनही सोसवत नाही. बाजार बसस्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ आहे; रेल्वेने येणार असाल तर थिवी स्थानकावर उतरावे.