घर बदलताना घरी केलेली बिअर कशी न्यावी? गचक्यांनी बाटल्या फुटतात का?

आपण विचारले आहे की ब्रिटनमध्ये एका गावातून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवताना घरी केलेल्या बिअरच्या साठ बाटल्या आणि एक अर्धवट आंबलेले पिंप गाडीतून नेता येईल का, आणि रस्त्यातल्या गचक्यांनी बाटल्या फुटतील का. प्रश्नाचा शेवटचा भाग वाचून मला राहवले नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात गेली सहा वर्षे वाद चालू आहे.

मी कोल्हापूरचा असून बिअर करत नाही. आपल्या ब्रिटनमध्ये 1963 पासून स्वतःपुरती बिअर घरी करण्यास परवाना लागत नाही. आमच्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणे हा गुन्हा आहे. मी करतो ते आल्याचे फसफसणारे सरबत, म्हणजे आले, लिंबू, आमच्याकडचा पिवळाधमक गूळ आणि आल्याचेच विरजण. ते दोन-तीन दिवसांत पिऊन संपवायचे असते. तरीही बंद बाटलीत जे घडते ते दोन्हीकडे सारखेच असते. यीस्ट गोडी खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बूच बंद असल्यामुळे तो वायू पेयात विरघळून राहतो आणि बाटलीच्या काचेवर दाब देत राहतो.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही शिवाजी पेठेतले जुने घर सोडून फुलेवाडीला राहायला गेलो. दोन दिवसांनी वास्तुशांत होती. पाहुण्यांना बाजारातले थंड पेय देण्याऐवजी घरचे सरबत द्यावे, या हौसेने मी छत्तीस बाटल्या भरल्या होत्या. भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या आणून, उकळत्या पाण्याने धुऊन, हातयंत्राने पत्र्याची बुचे बसवली होती. थोरल्या बंधूंना, म्हणजे दादाला, हा उद्योग पहिल्यापासून पसंत नव्हता. बाटल्या क्रेटमध्ये उभ्या ठेवून मधल्या फटींत उसाचे पाचट गच्च भरले, वर गोणपाट टाकले आणि सगळे टेम्पोत चढवले, तोवर सकाळचे साडेनऊ वाजले होते. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटरचे होते. दहा वाजता सामान नव्या दारात उतरले असते.

परंतु हमाल उपाशीपोटी कपाटे उचलणार नाहीत, असे दादाने जाहीर केले आणि रंकाळ्याच्या पुढे टेम्पो थांबवून सर्वांना मिसळीला नेले. कोल्हापुरात मिसळीला बसलेला माणूस किती वेळात उठतो, हे सांगण्याची गरज नाही. एकदा कट, मग पुन्हा कट, मग आणखी ब्रेड, मग चहा आणि मग ओळखीचा कोणीतरी भेटणे. टेम्पो काळ्या ताडपत्रीखाली भर उन्हात पावणेदोन तास उभा होता. मी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्या वेळी मला गप्प बसवण्यात आले. पावणेबाराच्या सुमारास पहिला आवाज झाला. चालकाला टायर फुटला असे वाटले. त्यानंतर एकापाठोपाठ एक अशा अकरा बाटल्या फुटल्या, गाद्यांवर गुळाचे चिकट पाणी पसरले आणि पूजेच्या पाटावर काचा पडल्या. सुदैवाने जवळ कोणी उभे नव्हते, अन्यथा हा किस्सा आज सांगण्यासारखा राहिला नसता.

दादाचा निष्कर्ष त्याच दिवशी ठरला आणि तो आजही प्रत्येक लग्नाकार्यात ऐकवला जातो: “आरं, हादरून फुटल्या त्या. टेम्पोतनं न्यायची वस्तूच न्हवं ती.” माझे म्हणणे असे आहे की टेम्पो उभा असताना फुटलेल्या बाटलीचा दोष रस्त्यावर टाकता येत नाही. शिवाय ताडपत्रीला लागून असलेल्या क्रेटमधल्याच बाटल्या फुटल्या. गाद्यांच्या ढिगाखाली असलेली दोन क्रेट त्याच टेम्पोतून, त्याच खड्ड्यांतून येऊनही शाबूत राहिली.

आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. बंद बाटली हलवल्याने आतला दाब फारसा वाढत नाही. वायू जितका विरघळलेला असतो तितकाच राहतो, फक्त पेयात बारीक बुडबुडे अडकून राहतात. म्हणून लगेच उघडल्यास फेस उसळतो आणि काही वेळ थांबल्यास उसळत नाही. दाब वाढवते ती उष्णता, कारण गरम द्रवात वायू कमी विरघळतो. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार बाटलीत जितका दाब असतो, त्याच्या सुमारे दुप्पट तो 20 अंश सेल्सिअसला होतो, आणि 40 अंशांना त्या 20 अंशांच्या दाबाच्याही दीडपटीहून अधिक होतो. शिवाय गोडी शिल्लक असेल तर उबेत यीस्ट दुप्पट जोमाने कामाला लागते, ते निराळेच.

म्हणून बाटल्या दोन दिवस आधी शक्य तितक्या थंड कराव्यात, जाड पांघरुणात गुंडाळाव्यात आणि पहाटे निघावे. ब्रिटनचा उन्हाळा सौम्य असला तरी उन्हात बंद उभी असलेली मोटार आतून चांगलीच तापते. बाटल्या माणसे बसतात तिथे न ठेवता मागे, झाकण असलेल्या खोक्यात ठेवाव्यात. उभ्याच न्याव्यात, म्हणजे तळाचा गाळ तळाशी राहील. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या असतील तर कापडाने झाकाव्यात, कारण हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, घटकांवर ऊन पडले की बिअरला कुबट वास येतो; तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते. पोचल्यावर निदान आठवडाभर त्यांना हात लावू नये आणि पहिली बाटली मोरीत, टॉवेलमध्ये धरून उघडावी.

अर्धवट आंबलेल्या पिंपाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते नेऊ नये. आंबणे पूर्ण होईपर्यंत जुन्या घरात थांबता येत नसेल तर ती एक खेप ओतून द्यावी. भरलेले काचेचे पिंप वीस-पंचवीस किलोंचे असते, ओल्या हातातून निसटते आणि फुटले तर पायावर फुटते. ते न फुटता पोचले तरी वाटेत द्रव हिंदकळून त्यात हवा मिसळते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हे ऐकून आपणांस वाईट वाटेल, पण मीही एकदा सात लिटर सरबत बागेतल्या अळूला घातले आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे भाग आहे, जी मी दादाजवळ अद्याप कबूल केलेली नाही. बाटलीत भरलेल्या, पूर्ण आंबलेल्या बिअरला फेस येण्यासाठी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर पुरते. माझ्या त्या सरबतात मुळातच गोडी शिल्लक होती, आणि पाहुण्यांना गोड लागावे म्हणून मी भरताना वरून गूळ टाकला, तोही वजन न करता, मुठीने. त्यामुळे केवळ मिसळीला दोष देणे न्यायाचे होणार नाही. तरीही गाद्यांखालच्या पंचवीस बाटल्यांत तोच गूळ होता आणि त्या फुटल्या नाहीत, हा मुद्दा उरतोच. आपण भरण्यापूर्वी घनतामापकाने सलग दोन-तीन दिवस एकच आकडा येतो की नाही, म्हणजे आंबणे संपले आहे की नाही, ते पाहिले होते का? पाहिले नसेल तर माझा वरचा सगळा सल्ला अपुरा आहे. अशा बाटल्या गाडीत घालूच नयेत. दर खेपेला एक बाटली प्लॅस्टिकची भरण्याची सवय लावावी. ती दाबून पाहिली की बाकीच्यांत काय चालले आहे ते समजते, आणि ती दगडासारखी कडक झाली असेल तर काचेच्या बाटल्यांना हात लावण्याआधी त्या थंड कराव्यात.

एक विनंती आहे. निघताना खोक्यात एक साधा तापमापक ठेवावा आणि पोचल्यावर तापमान किती होते, रस्ता कसा होता आणि किती बाटल्या फुटल्या, हे येथे कळवावे. गणपतीत आम्ही सर्वजण एकत्र जमतो आणि तेव्हा हा विषय दादा काढतोच.