फिजिऑलॉजीच्या तासाला मुलांना विचार करायला कसं लावायचं?

तासभर स्लाइड दाखवूनही वैद्यकीयच्या मुलांच्या डोक्यात फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं त्याचं शास्त्र) उतरत नाही, काय करावं, असं विचारलंय. माझा आवडता उपाय एकच: आधी अंदाज बांधायला लावा, मग शिकवा.

उदाहरणार्थ, 'भराभर खोल श्वास घेतल्यावर माणूस जास्त वेळ दम का रोखू शकतो?' पर्याय फळ्यावर लिहा, हात वर करायला सांगा. बरेच जण 'रक्तात ऑक्सिजन वाढतो' म्हणतात. लगेच उत्तर फोडू नका! शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या. कुणीतरी म्हणतंच, 'अरे, ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, वाढणार किती?' मग गाडी कार्बन डायऑक्साइडकडे वळते. रक्तातला त्याचा दाब नेहमीच्या ४० मिलिमीटर पाऱ्यावरून उतरला की श्वास घेण्याची टोचणी उशिरा लागते. असं करून बुडी मारणाऱ्यांची पाण्याखाली अचानक शुद्ध का हरपते (टोचणी लागण्याआधीच ऑक्सिजन फार कमी होतो), तेही इथेच उलगडतं. आता पुन्हा हात मोजा. ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवली. आपल्या विषयाला ती चपखल बसते.

प्रॅक्टिकललाही तेच. आडवा झालेला विद्यार्थी उभा राहिल्यावर नाडी किती वाढेल, हा आकडा मोजण्याआधी वहीत लिहून घ्यायचा. (चुकलेला आकडा जास्त लक्षात राहतो.)

एखाद्या रुग्णाच्या केसवरची गटचर्चा चांगलीच, पण गट सांभाळायला माणसं कमी असतील तर तिच्या गप्पा होतात. सुरुवातीला तासाला असे दोन प्रश्न पुरे.