बर्लिनमध्ये राहतोय, पण बर्लिन कुठंय?

प्रश्न : ताई, नोकरीमुळे बर्लिनला आलोय, बायको पण सोबत आहे. ऑफिसमध्ये सगळं इंग्लिश, वीकेंडला आपल्याच ग्रुपमधे कुणाकडे तरी जेवण नि पत्ते. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचे तुकडे, म्युझियम आयलंड, सगळीकडे फोटो काढून झाले. शेजारी हॅलोच्या पुढे सरकत नाहीत आणि रविवारी दुकानं बंद, नुसता वैताग. इथलं कल्चर एन्जॉय करा असं जो तो सांगतो, पण म्हणजे नक्की करायचं काय?
– एक वाचक, बर्लिन

उत्तर : रविवारपासूनच सुरू कर की. रविवारची विश्रांती इथं थेट राज्यघटनेत लिहून ठेवलीये, म्हणून दुकानांना कुलूप आणि हवा जरा बरी असली की अख्खं शहर बाहेर, आणि तू त्याच दिवशी घरात लॅपटॉप उघडून बसणार. टेम्पेलहोफर फेल्डवर जा. पूर्वीचा विमानतळ, २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये लोकांसाठी खुला केला, मग कडेकडेनं घरं बांधायचा सरकारी प्लॅन आला तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून २०१४ मध्ये सार्वमत घडवून आणलं आणि प्लॅन हाणून पाडला, तेही शहरात घरांची एवढी मारामार असताना! धावपट्टीवर पतंग, स्केट्स, सायकली, आणि एका बाजूला लाकडी खोक्यांत माती भरून लोकांनी भाज्या नि फुलं लावलीयेत, मधेमधे जुन्या फळ्या ठोकून बाक केलेत. कुणी खुरपत बसलेलं दिसलं तर 'हे काय लावलंय' एवढंच विचार. ही माणसं उगाच गप्पा मारायला जाम कंजूष, पण झाडांचा विषय काढलास तर तुलाच निघायला उशीर होईल.

आता मुख्य मुद्दा. आपल्यासारखं 'या ना कधीतरी घरी' म्हणून इथं ओळखी वाढत नाहीत रे. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि हातात काहीतरी काम, असं असलं की माणसं भेटतात. त्यासाठी इथं फेराइन असतात, म्हणजे आपली मंडळं म्हण, फक्त वर्गणी नि मीटिंगचे मिनिट्स जास्त सिरियसली घेणारी. सात सभासद जमले की रजिस्टर करता येतं, त्यामुळे बुद्धिबळ, कोरस, बॅडमिंटन, रोइंग, कशाचंही सापडेल. बऱ्याच ठिकाणी आधी एखादं ट्रायल सेशन करू देतात. आणि एक टिप, प्रॅक्टिस संपल्यावर लगेच जॅकेट घालून पळू नकोस, खुर्च्या उचलायला, नेट गुंडाळायला थांब, खरं बोलणं तेव्हाच सुरू होतं आणि मग कुणीतरी म्हणतं चल बिअर प्यायला (बिअर नको असेल तर ज्यूस घे, कुणी आग्रह करत नाही, ते एक सुख आहे). पहिले काही आठवडे कुणी फार विचारणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस, ते फक्त तू टिकतोयस का ते बघत असतात.

फेराइन जड वाटत असेल तर फोल्क्सहोखशूले बघ, म्हणजे मोठ्या माणसांसाठीची सार्वजनिक क्लासेसची संस्था. बर्लिनच्या बाराही जिल्ह्यांत आहे, लोक नुसतं फाउहाएस म्हणतात, जर्मन भाषेपासून सिरॅमिक्स, डान्सपर्यंत सगळं, आणि फी प्रायव्हेट क्लासच्या मानाने बरीच कमी. पण बायकोला आणि तुला वेगवेगळे कोर्स घ्यायला सांगेन मी, एकत्र गेलात तर कोपऱ्यात बसून मराठीतच बोलाल.

शेजाऱ्यांचं सोपं आहे, पार्सल! तू घरी नसलास की कुरिअरवाला बऱ्याचदा शेजाऱ्याकडे देऊन चिठ्ठी टाकून जातो, ते आणायला जाशील तेव्हा दोन मिनिटं थांब आणि त्यांचं पार्सल कधी आलं तर आनंदाने ठेवून घे. घरी पार्टी असेल तर आधी जिन्यात कागद चिकटव, अमुक दिवशी आवाज होईल, त्रास झाला तर बेल वाजवा, वाटलं तर तुम्हीही या. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, त्यामुळे या कागदाला फार किंमत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र चुकूनही आदल्या दिवशी देऊ नकोस, अपशकुन मानतात, आणि तुझ्या वाढदिवसाला ऑफिसात केक तूच न्यायचा, कुणी आणेल म्हणून वाट बघू नकोस.

आणि ऑफिसातून निघता येत असेल तर सीझन चालू असताना बुधवारी दुपारी एकला फिलहार्मोनी या संगीत सभागृहात जा. फोयरमध्ये, म्हणजे बाहेरच्या लॉबीत, फुकट लंच कॉन्सर्ट असते, लोक पायऱ्यांवर नि जमिनीवर बसून ऐकतात. लवकर जा, गर्दी असते.

प्रश्न : जर्मन अजून कच्चं आहे. नाटक-सिनेमा बघायचा नाहीच का?
– दुसरी एक वाचक

उत्तर : बघ ना! गॉर्की थिएटर आणि शाऊब्यूनं इथं इंग्लिश सरटायटल्स (रंगमंचाजवळ पडद्यावर दिसणारं भाषांतर) असलेले प्रयोग असतात, शाऊब्यूनंला ठरावीकच, तेव्हा तिकीट काढताना तारीख नीट बघ. सिनेमाच्या नावापुढे 'ओव्ही' असेल तर मूळ भाषेत, 'ओएमयू' असेल तर मूळ भाषा आणि खाली जर्मन सबटायटल्स. काहीच लिहिलं नसेल तर बहुतेक डब केलेला, तो सध्या सोड. ओएमयूनं माझं जर्मन क्लासपेक्षा जास्त सुधारलं, पण ते आमच्या बाईंना कळवू नका.