डाव्या खणातली फाइल

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत न जाता एका शैक्षणिक विभागाच्या कार्यालयात नेमणूक झाली म्हणून तू नाराज आहेस, असं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. विभागात काय, नुसतं आवक-जावक सांभाळायचं, असं मलाही वाटायचं. पण मुख्य इमारतीत कागद पोचतो तेव्हा त्यावर नुसता क्रमांक असतो. विभागात तो कागद ज्याचा, ते माणूस तुझ्यासमोर उभं असतं.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. एका संशोधक मुलीचा मुदतवाढीचा अर्ज आला होता. मार्गदर्शकांची सही होती, शुल्काची पावती जोडलेली होती. राहिलं होतं ते संशोधन सल्लागार समितीच्या सभेचं इतिवृत्त. त्यावर दोन सदस्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. मार्चअखेरची बिलं चालू होती. फाइल मी डाव्या खणात ठेवली आणि विसरले. मुदत टळली, तिची फेलोशिप चार महिने अडकली. दर सोमवारी साडेदहाला ती दाराशी यायची. आवाज कधी चढवला नाही. "मॅडम, झालं का?" एवढंच विचारायची. ते अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर मी दोनशेपानी वही घातली. प्रत्येक संशोधकाला एक पान: नोंदणीची तारीख, दर सत्राचा प्रगती अहवाल, मुदत कधी संपते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात, पुढची मुदतवाढ वेगळी. मुलींना या सगळ्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. बऱ्याच जणींना हे ठाऊकच नसतं. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस, आपणहून सांग.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची बिलं महिना संपताच पाठव. त्यांना पगाराची तारीख नसते, बिल निघालं तर घर चालतं. हजेरीपत्रक आणि वेळापत्रक आधी स्वतः ताडून बघ. एका तासाचा फरक निघाला तरी लेखा विभाग अख्खं बिल परत धाडतो.

विभागप्रमुख बदलत राहतात. मागच्या वेळी काय ठरलं होतं, हे नवे प्रमुख तुलाच विचारतील. म्हणून टिपणी नीट लिहायला शीक. मागणी काय आहे, नियम काय सांगतो, पूर्वी असंच प्रकरण आलं होतं का, लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चासाठी ठेवलेल्या रकमेत, शिल्लक किती, हे सगळं त्यात यायला हवं. 'योग्य आदेशार्थ सादर' एवढंच लिहून हात झटकू नकोस. प्रमुखांनी नियमाबाहेरचं काही सांगितलं तर स्पष्ट सांग, "सर, हे बसत नाही." आणि लगेच पुढे सांग, "पण असं करता येईल." ती वाट शोधायला नियम वाचावे लागतात. संध्याकाळी अर्धा तास त्यासाठी काढ.

शिपाईमामांशी आदराने वाग. कुठली जुनी फाइल कोणत्या कपाटात आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टेबलाचे सगळे खण रिकामे कर. आधीच्या माणसाकडून राहिलेले कागद निघतील. तारखेप्रमाणे लाव, आणि सगळ्यात जुना कागद ज्याचा असेल त्याला त्याच दिवशी फोन कर.

तुझी,
काकू